अंग आंबलंय की सांधा दुखतोय?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचे हे शब्दांकन. वक्त्या आपल्याच सोसायटीच्या सभासद असून व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहेत. शेवटी काही निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. आता स्ट्रक्चरल ऑडिट वेळच्या वेळी करून घ्यायला हवं, हे सचिवसाहेब प्रत्येक सर्वसाधारण सभेत सांगतात आणि आपण माना डोलावतो. पण इथे राहायला आले तेव्हा जे पंचविशीत होते, ते आज पन्नाशीत आहेत. त्यांच्या गुडघ्यांचं ऑडिट कोणी करत नाही. ते आज करू या.

कमिटीने मला सांगितलं, "आरोग्यावर काहीतरी बोला." आरोग्य म्हणजे केवढा मोठा विषय! मी म्हटलं, मला लिफ्टमध्ये जे प्रश्न विचारले जातात त्यांच्यावरच बोलते. याच सभागृहात संध्याकाळी मुलांची कराटेची बॅच असते आणि तिच्यानंतर मोठ्यांची. मोठ्यांच्या बॅचमध्ये चाळिशी-पन्नाशीच्या बायका जास्त आहेत, याचं मला फार कौतुक आहे. ही बॅच सुरू झाल्यापासून लिफ्टमध्ये मला दोनच प्रश्न ऐकू येतात. पहिला, "अगं, गुडघ्यासाठी त्या गोळ्या सुरू करू का?" आणि दुसरा, "दुखतंय, तर क्लास बंद करू का?" तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत जाताना या प्रश्नांचं नीट उत्तर देता येत नाही. आज अर्धा तास मिळाला आहे.

आधी दुखण्याचे दोन प्रकार वेगळे करू. मराठीत आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे, अंग आंबणं. दिवाळीची साफसफाई केली, गडावर जाऊन आलो, की दुसऱ्या दिवशी अंग आंबतं. जिना उतरताना मांड्या बोंबलतात, कमोडवर बसतानासुद्धा आई आठवते. हे दुखणं स्नायूंचं. व्यायामानंतर साधारण १२ ते २४ तासांनी ते सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, आणि पाच-सात दिवसांत आपोआप जातं. दोन्ही बाजूंना सारखं दुखतं, दाबलं तर स्नायूचा मांसल भाग दुखतो, आणि थोडं चाललं-फिरलं की मोकळं वाटतं.

बऱ्याच जणांना शिकवलेलं असतं की हे लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्यामुळे होतं. तसं नाही. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं, आणि अंग तर दुसऱ्या दिवशी दुखतं. खरं कारण असं की सवय नसलेल्या हालचालीत स्नायूच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते, आणि तिची डागडुजी करताना शरीर तिथे थोडी सूज आणतं. विशेषतः स्नायू ताणला जात असतानाच जोर लावावा लागतो तेव्हा हे जास्त होतं. घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून खाली जायचं, ज्याला कराटेत किबा-दाची म्हणतात, त्यात मांड्यांचं तेच होतं. उडी मारून खाली येताना तेच. जिना चढण्यापेक्षा उतरताना मांड्या जास्त आंबतात, त्याचं कारणही तेच.

यातली आनंदाची बातमी अशी की तीच हालचाल आठवड्याने पुन्हा केली, तर अंग पूर्वीपेक्षा कमी आंबतं. डागडुजी करताना शरीर स्नायू थोडा मजबूत करून ठेवतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पळून जाणाऱ्यांना फक्त त्रास मिळतो, फायदा टिकणाऱ्यांना मिळतो. आपल्या तालमींमध्ये नवीन पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी शंभर जोर-बैठका काढायला लावत नाहीत. दहापासून सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. शहाणपण जुनंच आहे.

आता दुसरं दुखणं, सांध्याचं. हे एका जागी असतं. बोट ठेवून दाखवता येतं. एकाच गुडघ्यात, एकाच मनगटात. हालचाल करतानाच चमक येते, सूज दिसते, सकाळी सांधा धरलेला वाटतो, आणि आठवडा झाला तरी कमी होत नाही. अंग आंबलं असेल तर हलका व्यायाम चालू ठेवायचा. सांधा दुखत असेल तर त्या सांध्यावर भार टाकणारी हालचाल थांबवायची आणि कारण शोधायचं. दोन्ही दुखण्यांना एकच गोळी घेणं म्हणजे नळ गळतोय की स्लॅब गळतोय हे न पाहता वरून रंग मारणं. पावसाळ्यात आपण तो अनुभव घेतलेला आहे, जास्त सांगत नाही.

काही खुणा अशा आहेत की घरगुती उपाय करत बसू नये, सरळ डॉक्टरांकडे जावं. पाय मुरगळल्यावर किंवा गुडघा पिळवटल्यावर दोन-तीन तासांत सांधा फुगला, 'कट्' आवाज आला, गुडघा अडकून बसला, किंवा चालताना दगा देतो, तर आत अस्थिबंध किंवा गादी फाटलेली असू शकते. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे हवा. सांधा लाल, गरम आणि वर ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि एक खूण फार कमी लोकांना माहीत असते. खूप जास्त व्यायामानंतर अंग भयंकर दुखतंय, स्नायू सुजलेत आणि लघवी कोका-कोलासारखी गडद झाली, तर स्नायू मोडून त्यातले घटक रक्तात उतरलेले असतात आणि मूत्रपिंडाला धोका असतो. ही तातडीची वेळ आहे. शिक्षा म्हणून शेकडो उठाबशा काढायला लावलेल्या मुलांमध्येही असं झालेलं आहे. म्हणून मी आपल्या सरांना, सेन्सेईंना, मुद्दाम सर्वांसमोर विनंती करते. उशिरा आल्याबद्दल शिक्षा करायची तर सभागृह झाडायला लावा, उठाबशा नकोत.

(हशा)

आता गोळ्या. तुम्ही खरं म्हणजे याचसाठी आला आहात, मला माहीत आहे.

सांध्यांसाठी म्हणून सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत दोन गोष्टी असतात, ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन. आपल्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात हे दोन्ही घटक नैसर्गिकरीत्या असतात. त्यामुळे तर्क सरळ वाटतो. कूर्चा झिजते, तिचा कच्चा माल पोटातून पुरवू, म्हणजे ती भरून येईल. पण पोटात घातलेली वस्तू नेमकी उजव्या गुडघ्यात जाऊन बसेल असं शरीर चालत नाही.

मग तपासून पाहिलं का कोणी? पाहिलं. अमेरिकेत सरकारी पैशातून एक मोठा प्रयोग झाला आणि २००६ साली तो प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या संधिवाताचे १,५८३ रुग्ण घेतले. काहींना ग्लुकोसामाइन, काहींना काँड्रॉइटिन, काहींना दोन्ही, काहींना सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी आणि काहींना दिसायला तशीच पण आत काहीच औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. २४ आठवड्यांनी विचारलं, दुखणं किमान पाचव्या हिश्शाने कमी झालं का? दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांपैकी शंभरात साधारण ६७ जण 'हो' म्हणाले. आणि आत काहीच नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी? शंभरात ६०. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असा निष्कर्ष निघाला.

त्यातल्याच, ज्यांचं दुखणं मध्यम ते तीव्र होतं अशा लहान गटात दोन्ही औषधं एकत्र घेतल्याचा फायदा दिसला होता. विक्रेते तेवढंच सांगतात. पण संशोधकांनीच म्हटलं होतं की हे पुन्हा तपासायला हवं. पुढे झालेल्या प्रयोगांनी एकमेकांशी न जुळणारी उत्तरं दिली. एकात या गोळ्या वेदनाशामकाच्या तोडीच्या ठरल्या, पण त्यात नुसत्या गोळीचा गटच नव्हता. दुसऱ्यात नुसती गोळी घेणारेच जास्त बरे निघाले. शेवटी २०१९ साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने गुडघा आणि खुबा यांच्या संधिवातासाठी या दोन्ही गोळ्या देऊ नयेत, अशी स्पष्ट शिफारस केली.

आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे हे सगळे प्रयोग संधिवाताच्या रुग्णांवर झाले. धडधाकट माणसाने कराटे करताना आधीपासून गोळी घेतली तर सांधे झिजत नाहीत, याला आधार नाही. अंग आंबण्यावर तर या गोळीचा काही संबंधच नाही. तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 'पुढे त्रास नको' म्हणून ही गोळी देणाऱ्या आई-बाबांना मी हात जोडून सांगते, देऊ नका.

तुम्ही म्हणाल, मग इतक्या लोकांना बरं वाटतं ते खोटं का? खोटं मुळीच नाही. नुसती गोळी घेणाऱ्या शंभरातल्या साठ जणांचं दुखणं खरोखरच कमी झालं होतं, ते नाटक करत नव्हते. संधिवात भरती-ओहोटीसारखा असतो. खूप दुखतं तेव्हा आपण गोळी सुरू करतो, आणि ओहोटी येणारच असते. शिवाय आपण काहीतरी करतोय या दिलाशानेही दुखणं कमी जाणवतं. आराम पडला हे खरं आहे. गोळीनेच पडला हे सिद्ध झालेलं नाही. महिन्याला हजार-दीड हजार रुपये घालवायचे की नाही, हा हिशेब या दोन वाक्यांमधल्या फरकावर करायचा आहे.

बाटली हातात घ्याल तेव्हा तीन गोष्टी वाचा. पहिली, अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापावं लागतं. कायद्याने हे औषध नाही, अन्नपदार्थांच्या नियमाखाली येणारी वस्तू आहे. दुसरी, हिरवी खूण आहे की तपकिरी. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवतात, काँड्रॉइटिन जनावरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेपासून. चातुर्मासात लसूण न खाणाऱ्या आपल्या काही काकू ही गोळी दुधाबरोबर घेत होत्या!

(हशा)

हसू नका, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी तर सांभाळलंच पाहिजे. आणि तिसरी गोष्ट गंभीर आहे. हृदयाच्या झडपेसाठी किंवा रक्ताच्या गाठीसाठी जे वॉरफरिन घेतात, त्यांच्यात ग्लुकोसामाइनमुळे रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून 'नैसर्गिक आहे, घ्यायला काय हरकत' हे म्हणू नका. जी घेता ती प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा.

कोलॅजेनची पावडर सध्या जोरात आहे. कोलॅजेन म्हणजे जनावरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांतलं प्रथिन. वनस्पतीत कोलॅजेन नसतं, त्यामुळे 'शाकाहारी कोलॅजेन' दिसलं तर मागचं बारीक अक्षर वाचा. पोटात गेल्यावर ते इतर प्रथिनांसारखंच तुकडे-तुकडे होऊन पचतं. लहान प्रयोगांत थोडा आराम दिसला आहे, त्यातले बरेच विक्रेत्यांच्या पैशाने झालेले आहेत. नुकसान फारसं नाही, भरवशाचा पुरावाही नाही.

हळद. आपल्या घरची. हळदीतल्या करक्युमिनमुळे सूज कमी होते असं काही प्रयोगांत दिसलंय, पण ते नुसतं खाल्लं तर रक्तात फारच थोडं उतरतं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिलं की मिरीतल्या पायपेरीनबरोबर दिल्यास ते कितीतरी पटीने जास्त शोषलं जातं. आमटीत हळद आणि मिरी एकत्र असते, छान आहे. पण म्हणून करक्युमिन-पायपेरीनच्या जोरदार गोळ्या महिनोन् महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका. अशा गोळ्यांनी यकृताला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. हळदीचं दूध प्या, खुशाल प्या. झोप चांगली लागली तर त्याचाही फायदाच.

ड जीवनसत्त्वाचं मात्र वेगळं आहे. हाडं दुखणं, स्नायू अशक्त वाटणं याला त्याची कमतरता खरंच कारण असू शकते, आणि ती आपल्या देशात भरपूर आहे. दिवसभर ऑफिसात, घरात, गाडीत. ऊन लागतंय कुठे? पण आधी रक्त तपासा. कमी असेल तर डॉक्टर साधारण आठवड्यातून एक अशी ६०,००० युनिटची पुडी काही आठवडे देतात. आठवड्याची पुडी रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, मुतखडा, मूत्रपिंडाचा त्रास असं बरंच काही होऊ शकतं. शुद्ध शाकाहारी मंडळींनी बी-१२ सुद्धा तपासून घ्यावं. तळपायांची आग आणि मुंग्या हे सांध्याचं दुखणं नसतं.

आणि आता वेदनाशामक गोळ्या. क्लासला जायच्या आधी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी टाकून जाणारे इथे आहेत, नावं घेत नाही. वेदना म्हणजे इमारतीतली फायर अलार्मची घंटा. ती बंद करून वर जाऊन नाचायचं का? शिवाय या गोळ्या पोटात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि घाम गाळून पाणी कमी झालेलं असताना तर जास्तच. तुम्हाला गिधाडांची गोष्ट माहीत असेल. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, ती जवळजवळ संपली, आणि २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठीचं ते औषध बंद करावं लागलं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, डॉक्टरांनी दिलेली गोळी चार दिवस जरूर घ्या. पण ती गोळ्या-बिस्किटांसारखी पर्समध्ये ठेवायची वस्तू नाही. आणि घरात निमेसुलाइड असेल तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते आपल्या देशात २०११ पासून बंद आहे, हे लक्षात ठेवा.

'पंधरा दिवसांत गुडघे ठणठणीत' अशा बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. झटकन आराम पडतो तो त्याचाच. पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आपल्या मुलांपैकी कोणी राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळणार असेल तर आणखी सांभाळा. डोपिंगच्या चाचणीत 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

मग करायचं काय? सांगते.

पहिलं, वॉर्म-अप. आल्या आल्या पाय ताणून धरायचे नाहीत. आधी पाच-दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, हलकं धावणं, सांधे फिरवणं. अंग गरम झालं की मग पुढचं. ताणाचे व्यायाम लवचिकतेसाठी करा, पण त्याने अंग आंबायचं थांबेल ही अपेक्षा नको. अनेक प्रयोग एकत्र करून पाहिलं तेव्हा शंभर गुणांच्या मोजपट्टीवर जेमतेम अर्ध्या-एक गुणाचा फरक निघाला.

दुसरं, तंत्र. गोल फिरवून मारायची किक, मावाशी-गेरी, मारताना उभ्या पायाची टाच फिरली पाहिजे. वरचं शरीर फिरलं आणि पाऊल जमिनीला चिकटून राहिलं, तर मधल्यामध्ये गुडघा पिळवटतो. हवेत किक किंवा पंच मारताना गुडघा-कोपर शेवटपर्यंत झटक्याने ताणू नका. मूठ आणि मनगट एका रेषेत ठेवा. ज्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे त्यांनी किबा-दाचीत कमी खाली जावं. सेन्सेई रागावणार नाहीत, मी बोलले आहे त्यांच्याशी.

तिसरं, वाढ हळूहळू करायची. ग्रेडिंग जवळ आलं की आठवड्यातून दोन दिवसांचे एकदम सहा दिवस होतात, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत माझ्याकडे गर्दी होते. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, दाबला जातो आणि सुटतो, तेव्हा आतल्या वंगणातून तिला पोषण मिळतं. म्हणून पूर्ण बंद ठेवलेला सांधा बिघडतो आणि एकदम झोडपलेलाही बिघडतो. दोन कसरतींच्या दिवसांमध्ये एक दिवस नुसतं चालायचं. आणि मांडीचे स्नायू बळकट करायचे. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला पाठ टेकून थोडं खाली सरकणं. गुडघ्याला याहून स्वस्त आणि खात्रीचं 'सप्लिमेंट' मला माहीत नाही.

चौथं, खाणं आणि झोप. स्नायूंची डागडुजी प्रथिनांनी होते. आपल्या आहारसंस्थेच्या शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला वजनाच्या दर किलोला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. नियमित कसरत करणाऱ्याला त्याहून जास्त. एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात तेवढीच, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ च्या आसपास. तालमीतला पैलवान दूध, बदाम, तूप यांचा खुराक खातो तो उगाच नाही. आपण त्याचं तूप घेतो आणि जोर-बैठका सोडतो, एवढाच फरक. उसळ, डाळ, दही, अंडी, मासे, ज्याला जे चालतं ते. आणि सात-आठ तास झोप.

अंग आंबल्यावर शेक, गरम पाण्याची अंघोळ, तेलाचं मालीश, सगळं चालेल. मालीशने आंबलेपण कमी होतं, हे प्रयोगांतही दिसलंय. नव्याने मुरगळलं असेल तर मात्र पहिले दोन दिवस मालीश आणि शेक नको. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावला तर ठणका कमी होतो. पण दिवसभर बर्फ आणि आठवडाभर पलंग, हेही नको. विश्रांती-बर्फ-दाब-उंची हे सूत्र १९७८ साली ज्या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केलं, त्या गेब मर्किन यांनीच पुढे लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. सोसेल तितकी हालचाल लवकर सुरू करायची.

आता दोन मिनिटं फक्त आई-बाबांसाठी. मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीची मऊ चकती असते. दहा ते पंधरा वयात, उंची झपाट्याने वाढते तेव्हा, गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं किंवा टाच दुखणं हे त्यामुळे होतं. बहुतेक वेळा ते कसरत कमी केल्यावर जातं. पण मूल दुखणं सांगायला हवं ना! 'रडतोस काय, ब्लॅक बेल्ट व्हायचंय ना?' हे वाक्य मी जिन्यात ऐकलेलं आहे. त्यानंतर ते मूल सांगणं बंद करतं. लंगडत नाही, कारण लंगडलं तर स्पर्धेला नेणार नाहीत हे त्याला कळतं. बेल्ट पुढच्या वर्षीही मिळतो. वाढीची चकती दुखावली तर तिला पुढचं वर्ष नसतं. पक्क्या फरशीवर मुठींवर जोर काढायला लावू नका, हेही त्यातच आलं.

शेवटी सोसायटीकडे एक मागणी. हे सभागृह लग्नाच्या जेवणावळींसाठी बांधलं, त्यामुळे खाली गुळगुळीत फरशी आहे. तिच्यावर उड्या मारल्या तर सगळा धक्का घोटा-गुडघा-कंबर घेतात, आणि घाम सांडला की पाय घसरतो. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट मिळतात, काढून रचून ठेवता येतात. आपल्यातले किती जण दर महिन्याला सांध्यांच्या गोळ्या घेतात याचा मी सहज हिशेब केला. त्यांनी तीन महिन्यांचे पैसे एकत्र केले तर सभागृहाच्या मॅट येतील आणि त्यावर दोन्ही बॅच वर्षानुवर्षं खेळतील. अध्यक्षसाहेब, हा ठराव पुढच्या सभेत मी मांडणार आहे. अनुमोदक शोधून ठेवला आहे.

(टाळ्या)

आता प्रश्न घेते.

प्रश्न : मी वर्षभर त्या गोळ्या घेते आहे, मला फरक आहे. बंद करू का?

उत्तर : काकू, तुम्ही वॉरफरिन घेत नाही, अ‍ॅलर्जी नाही आणि पैशांची ओढाताण नाही, तर माझं भांडण नाही. पण एक करून बघा. तुमच्या डॉक्टरांना सांगून दोन-तीन महिने बंद करा आणि वहीत रोज दुखण्याला दहापैकी गुण द्या. वाढलं तर पुन्हा बोलू. वाढलं नाही तर पैसे वाचले. व्यायाम मात्र एक दिवसही बंद करू नका.

प्रश्न : पासष्टाव्या वर्षी हे सगळं सुरू करावं का?

उत्तर : काका, जरूर. आधी रक्तदाब, साखर, हृदय तपासून घ्या. समोरासमोरची लढत नको, काता करा. ठरावीक क्रमाने हळू हालचाली, तोल सांभाळणं. ज्यूदोमध्ये तर आधी पडायचं कसं तेच शिकवतात. या वयात पडून खुबा मोडणं ही मोठी भीती असते, आणि पायांत बळ व तोल असला तर पडण्याची शक्यता कमी होते.

प्रश्न : गुडघ्यातून कटकट आवाज येतो, झीज झाली का?

उत्तर : दुखत नसेल, सूज नसेल, तर आवाजाला घाबरू नका. माझ्याही गुडघ्यातून येतो. जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज येऊनही दार वर्षानुवर्षं चालतं.

प्रश्न : (कराटे बॅचमधून) ताई, दुखतंय असं सांगितलं तर क्लास बंद करतील का?

उत्तर : नाही रे राजा. आत्ता तुझ्या आईसमोर आणि सरांसमोर सांगते, जो दुखणं सांगेल त्याचा क्लास बंद होणार नाही. त्याचा व्यायाम थोडे दिवस बदलू. तू बसून पंचचा सराव करशील, काताचा क्रम पाठ करशील, आणि बरं वाटलं की किक मारशील. सर, बरोबर ना? सर मान हलवतायत, सगळ्यांनी बघून ठेवा.

मॅटच्या ठरावाला हात वर करायला पुढच्या सभेला या, आणि जमलं तर जिन्याने या.